मामाजींची शुगर ४८

कार्तिकी एकादशी होती अन् कापसाची वेचणी जोरात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय ७४, सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन शेतात गेले. शुगरची गोळी मात्र न चुकता खाल्ली. उपास त्यांना होता, गोळीला नव्हता.

अकराला परतले तर बंडीच्या गुंड्या खालीवर, अन् मला नणंदेच्या नावानं हाका मारत होते.

"मामाजी, बरं नाही वाटून राहिलं काय?"

"मले काय झालं? तूच येडी झाली."

जीभ जड. शेजारी म्हणे, "बुवा पिऊन आला काय?" माळकरी माणसाला! मलाही आधी वाटलं, वय झालं. पाठीला हात लावला तर बंडी घामानं ओलीचिंब, अंग गार. आशाताईंना बोलावलं. मशीनवर शुगर ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका.

गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. बेशुद्ध असते तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ लावायचा, हे आशाताईंनी बजावलं. मी तर साखर कोंबलीच असती. १५ मिनिटांनी ६१. परत तेवढीच साखर. मग ८४. वरून साबुदाण्याची उसळ खाऊ घातली.

वाटलं, निपटलं. चार वाजता परत ५५! त्यांच्या शुगरच्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, असर दिवसभर राहतो, हे तालुक्याच्या दवाखान्यात कळलं. रात्रभर ग्लुकोजची सलाईन.

डॉक्टरांनी किडनीची तपासणी केली, क्रिएटिनिन १.९, म्हणजे वाढलेलं. किडनी थकली की गोळीचा अंश अंगात साचत जातो. आम्ही जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तेच पाकीट आणत होतो, अन् तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ६.२ टक्के आली म्हणून गावभर सांगतही होतो. डॉक्टर म्हणाले, "या वयात, अशा किडनीला आठच्या आत असली तरी चालते. सहाचा हट्ट कशाला?" ती गोळी बंद झाली, शुगरचीच दुसरी गोळी, लिनाग्लिप्टिन, सुरू झाली. उपासाच्या आधी विचारायचं, हेही ठरलं.

आता बंडीच्या खिशात साखरेची पुडी असते. दर आठवड्याला बदलावी लागते, मुंग्या लागतात. मधेच नातूही हात मारतो.