तुम्ही विचारलंत म्हणून : कॉलेजसाठी जुनी सेडान

“सर, तीन-साडेतीन लाखांत चांगली सेडान मिळेल का? पण मागाहून खर्च निघायला नको.”

मी कोल्हापुरात ऑटोमोबाईल शिकवतो, त्यामुळे ॲडमिशनचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न येतोच. कधी विद्यार्थी विचारतात, कधी गडहिंग्लज नाहीतर इस्लामपूरहून एखाद्या वडिलांचा फोन असतो. चौघांनी मिळून रोज गोकुळ शिरगावपर्यंत ये-जा करायची असते, सुट्टीला गावी जाताना सगळ्यांच्या बॅगा डिकीत मावायला हव्या असतात, आणि पावसाळ्यात पोरानं हायवेवर दुचाकी घालू नये असं घरच्यांना वाटत असतं. मागणी रास्त आहे. लोकांचा ओढा एसयूव्हीकडे वळल्यापासून बरी सेडान हॅचबॅकच्या भावात मिळू लागली आहे, ही तुमच्या फायद्याची गोष्ट.

आधी नावं सांगून टाकतो. पहिली पसंती मारुतीची पेट्रोल डिझायर, शक्यतो २०१२ नंतरची. १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन, त्याला टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. मुख्य म्हणजे तिचा कुठलाही पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि ती खोलायला मेकॅनिकला कोणाला विचारावं लागत नाही. चांगली डिझायर सापडली नाही तर टोयोटाची पेट्रोल इटिऑस. ती २०१० च्या अखेरीस आली आणि २०२० मध्ये बंद झाली. दिसायला साधी, पण इंजिन दणकट आणि डिकी जवळपास ६०० लिटरची. तिच्याबाबत एकच काळजी घ्या : इटिऑस टॅक्सीत खूप चालल्या आहेत, तेव्हा पिवळ्या पाटीची पांढरी करून आणलेली नाही ना, हे आरटीओच्या नोंदीवरून तपासा. बजेट जरा ताणता येत असेल तर होंडा सिटी, तीही पेट्रोल. तिचे पार्ट डिझायरपेक्षा महाग पडतात, पण नीट वापरलेलं इंजिन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. जुन्या सिटींच्या एअरबॅगमधला ताकाता कंपनीचा इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा भाग, सदोष निघाल्यानं होंडानं तो फुकट बदलून दिला. चॅसिस नंबर देऊन ते काम झालंय का, एवढं सर्व्हिस सेंटरला विचारा. हा जिवाचा प्रश्न आहे.

डिझेल घेऊ नका. ॲव्हरेज ऐकून मोह होतो, पण विद्यार्थ्याचं चालणं किती? डिझेल गाडी घेतो तो भरपूर चालवायलाच घेतो, त्यामुळे तुमच्या हाती येते तेव्हा तिचे इंजेक्टर, टर्बो आणि क्लच म्हातारे झालेले असतात. त्यातलं एक काम निघालं की वर्षभराच्या इंधनात वाचवलेले पैसे संपले. इथून गाशा गुंडाळलेल्या कंपन्यांची गाडीही नको : शेवर्लेनं २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये कारखाने बंद करायची घोषणा केली. त्यांच्या गाड्या वाईट नव्हत्या, फोर्डची फिएस्टा चालवायला तर मला आजही आवडते. पण हेडलाईट नाहीतर एखादं सेन्सर मागवून आठवडाभर वाट बघणं ज्याला सकाळी आठचं लेक्चर गाठायचंय त्याला परवडत नाही. जुनी ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लचवर आपोआप गिअर बदलणारी) तर अजिबात नको, तिचा गिअरबॉक्स बिघडला तर बिल गाडीच्या किमतीशी बोलू लागतं.

आता खरं काम. मॉडेल कुठलंही असो, तुमच्यासमोर उभी असलेली ती एक गाडी कशी आहे यावर पुढची चार वर्षं ठरणार आहेत. आणि आपल्या भागात सगळ्यात आधी बघायचं ते पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेनं कोल्हापूर-सांगलीत काय केलं ते आपण पाहिलंय. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, त्याच वेळी चिपळूणही बुडालं. अशा वेळी विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही असं धरलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभ्या राहतात. पाण्यातून निघालेली गाडी लगेच बंद पडत नाही. सहा महिन्यांनी पॉवर विंडो अडते, मग एअरबॅगचा दिवा लागतो, मग कधी सुरू होते कधी होत नाही, आणि वायरमन वायरिंग शोधत बसतो.

ते ओळखायचं कसं? पुढचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे पुसतात, रीळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथं मातकट रेघ दिसली तर पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. मग सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा, सीटखालच्या पिवळ्या वायरचा कनेक्टर बघा. तांब्यावर हिरवट थर असेल तर पुढचं काही बघू नका. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोटं फिरवा, कोपऱ्यात बारीक गाळ लागतो. एसी चालू केल्यावर कुबट वास आला आणि मालकानं दोन-दोन परफ्यूम लावलेले असले, तर विचारायला लाजू नका.

ठोकलेली गाडीही अशीच बोलते. दाराचं रबर बीडिंग खाली ओढून बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड (पत्रा जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) गोल आणि ठरावीक अंतरावर असतात, गॅरेजमध्ये केलेलं काम ओबडधोबड दिसतं. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालाय का, सगळ्या काचांवर एकाच कंपनीचं नाव आणि त्याच सुमाराचं साल आहे का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. बंपर घासला असेल किंवा एखादं दार रंगवलं असेल तर घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर तेवढं चालायचंच. चॅसिसचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, पुढचे दांडे आणि ॲप्रन (बॉनेटखाली इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा पत्रा) शाबूत हवेत.

मीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे घेता येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी काढा, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं. चाळीस हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. टायरवरचे चार आकडेही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर उद्या येतो म्हणा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर निळा येतो का, चेनचा खडखडाट किती वेळ टिकतो, हे गरम इंजिन तुम्हाला सांगणार नाही.

हे सगळं करूनही शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला तुमच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट नेलं तर तो भिडेखातर ‘बरी आहे’ म्हणतो. उद्या गाडी त्याच्याकडेच जाणार आहे, त्यामुळे त्याला जी गाडी हाताळायला आवडते तीच तुम्हाला स्वस्त पडते.

साडेतीन लाख असतील तर गाडी तीनच्या आतली बघा. उरलेले पन्नास-साठ हजार पहिल्या दोन महिन्यांत लागतात : इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल सगळं बदलून घ्यायचं, बॅटरी, दोन टायर, सस्पेन्शनचे बुश आणि बहुधा क्लचप्लेट. शिवाय विमा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, तुम्हाला मिळत नाही, म्हणून त्याच्या पावतीवरचा हप्ता तुमचा हप्ता समजू नका.

सीमेवर राहणाऱ्यांना केए पासिंगची, म्हणजे कर्नाटकात नोंदलेली गाडी हमखास स्वस्तात दाखवतात, हल्ली दिल्लीच्याही येतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. अशा गाडीला तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ लागतो, इथला रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च मिळवला की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही. एमएच ०९ (कोल्हापूर) नाहीतर एमएच १० (सांगली) ची, एकाच मालकाची गाडी बघा, मालकाच्या घरीच जाऊन बघा.

गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, ई-चलन बाकी आहे का ते तपासा. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात, तो दिवस चुकवू नका.

राहिला प्रश्न नावाचा. बहुतेक घरांत गाडी वडिलांच्या नावावर घेतात. पण विम्यातलं सक्तीचं १५ लाखांचं अपघात कवच आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) नाव असलेल्या मालकासाठी असतं, तो स्वतः चालवत असताना. मुलगी किंवा मुलगा चालवत असेल तर त्यांना ते मिळत नाही. म्हणून अठरा पूर्ण आणि लायसन्स असेल तर गाडी रोज चालवणाऱ्याच्याच नावावर घ्या. ते शक्य नसेल तर त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढा, आणि रोज चौघं बसणार असतील तर सोबतच्यांचं प्रवासी कव्हरही मागून घ्या. त्याचा हप्ता फार नसतो, पण मागितल्याशिवाय एजंट सहसा घालत नाही.