खळ

आज घरी कंदील केला. दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या रविवारी करतो, तसाच. कामट्या बाबांनी तासल्या, दोऱ्याने चौकोन बांधले, पतंगी कागद मी कापला. रंगावरून भांडण झालंच. लेकीला जांभळा हवा होता, आई म्हणे भगवाच शोभतो. शेवटी अंग भगवं, शेपट्या जांभळ्या.

शेपट्या. गुंड्याचा खरा जीव त्यांच्यावर. एक तोंडात धरून पलंगाखाली पसार व्हायचा, म्हणून आम्ही चार जास्तीच्या कापायचो. आजही सवयीने कापल्या. तशाच पडल्यात टेबलावर.

श्रावणात गेला तो. अकरा वर्षांचा होता, किडन्या थकल्या होत्या.

आईने मैद्याची खळ शिजवली. पूर्वी बाबा त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळं-किडे कागद खात नाहीत. मोरचूद विषारी आणि गुंड्या वाटी चाटून लख्ख करणारा, त्यामुळे तो आल्यापासून ते बंदच केलं होतं. (तेव्हापासून आमचा कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत कधीच धड टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.) आज बाबा फडताळातून जुनी पुडी घेऊन आले. सोडली, निळे खडे बघितले, आणि उभेच राहिले.

"नको घालायला," आई म्हणाली.

पुडी परत वर गेली. गार झालेली खळ कोपऱ्यात ठेवली होती, तर लेक सहज बोलून गेली, "आजी, वाटी उचल, तो येईल."

कंदील जरा वाकडा झालाय. उद्या बल्ब लावून फोटो टाकते.