पार्किन्सन्स आणि बॉक्सिंगचा सराव

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात २००६ साली ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक स्कॉट न्यूमन हे तेथील मॅरियन काउंटीचे माजी सरकारी वकील. चाळिशीतच त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले आणि काही वर्षांनी बॉक्सिंग जाणणाऱ्या एका मित्राने त्यांना सरावाला लावले. त्या सरावाने आपल्या हालचालीत पडलेला फरक अनुभवल्यावर इतरांनाही तो मिळावा म्हणून त्यांनी ही संस्था काढली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये विजेतेपद मिळवलेल्या क्रिस्टी रोझ फॉल्मर सुरुवातीपासून तिथे प्रशिक्षक होत्या. आता असे वर्ग अमेरिकेबाहेरही चालतात. माझे वडील आमच्याकडे इंडियानात राहायला आल्यापासून अशाच एका वर्गाला जात आहेत आणि शुभंकर म्हणजे काळजीवाहक म्हणून मीही त्यांच्यासोबत असते.

हे सांगितले की पुण्याचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो बॉक्सर मुहम्मद अलींचा: ठोसे खाऊनच त्यांना पार्किन्सन्स झाला ना? त्यांना १९८४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, या आजाराचे निदान झाले होते. डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे मेंदूला घातकच असतात, त्यामुळे ही शंका रास्त आहे. म्हणूनच या वर्गांत कोणीही कोणाला ठोसा मारत नाही. समोर असते ती टांगलेली जड बॅग किंवा प्रशिक्षकाने हातात धरलेले पॅड. बॉक्सर लढतीच्या तयारीसाठी जो व्यायाम करतो तेवढाच इथे घेतला जातो, लढत कधीच होत नाही.

मग बॉक्सिंगच का? पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि एरवी आपसूक होणाऱ्या हालचाली आक्रसतात. पाऊल लहान पडते, चालताना हात झुलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो. यातली अवघड गोष्ट अशी की, माणसाला स्वतःला ते जाणवतेच असे नाही. आपण नेहमीसारखेच बोललो, पाय पुरेसा उचलला, असे त्याला मनापासून वाटत असते. ठोसा मात्र अर्धवट मारला की लगेच कळतो, कारण बॅग हलत नाही. तो नीट बसायचा तर मागचा पाय रोवावा लागतो, कंबर आणि खांदा वळवावा लागतो आणि हात पूर्ण लांबवावा लागतो, म्हणजे आजाराने जे जे आखडले आहे ते सगळे एकाच हालचालीत मोकळे करावे लागते. त्यातच प्रशिक्षक आकडे पुकारतात: एक म्हणजे जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), दोन म्हणजे क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), तीन म्हणजे हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा). तो क्रम लक्षात ठेवायचा, सरकत सरकत मारायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. पाय, हात, स्मरण आणि आवाज यांना एकाच वेळी कामाला लावणारा व्यायाम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

वर्गाची सुरुवात हाताला कापडी पट्टी गुंडाळण्यापासून होते. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला वेढे द्यायचे, मग बोटांच्या मधून पट्टी फिरवायची. बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे आणि शर्टाची बटणे लावतानाही त्यांची दमछाक होते, त्यामुळे पट्टी निसटते, पुन्हा उलगडावी लागते. पहिल्या दिवशी मी मदतीला पुढे झाले तेव्हा प्रशिक्षिकेने मला हाताने थांबवले आणि बाबांना म्हणाल्या, “सर, सावकाश करा, आम्ही थांबतो.” बोटांची ती खटपट हाही व्यायामच असतो.

संशोधनाबद्दल मात्र मोजून मापून बोलले पाहिजे. इंडियानापोलिसमध्येच झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास होता अवघ्या ३१ जणांचा. त्यात बॉक्सिंग करणाऱ्यांचा चालण्याचा वेग आणि दमसास सुधारला, तर नेहमीचा सामूहिक व्यायाम करणाऱ्यांचा तोल सांभाळण्याविषयीचा आत्मविश्वास अधिक वाढला. म्हणजे बॉक्सिंग सर्वांत श्रेष्ठ, असे त्यावरून म्हणता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला १२८ जणांचा दुसरा अभ्यास ट्रेडमिलचा होता, पण मला तो अधिक बोलका वाटतो. औषध अद्याप सुरू न झालेल्या शुभार्थींपैकी (म्हणजे पार्किन्सन्स झालेल्यांपैकी) ज्यांनी कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जाणारा जोरकस व्यायाम सहा महिने केला, त्यांची हालचालीची लक्षणे जवळपास होती तिथेच राहिली. नेहमीचा दिनक्रम चालू ठेवणाऱ्यांची मात्र वाढली. व्यायामाने आजार बरा होतो किंवा थांबतो, असे यातून सिद्ध होत नाही; पण धाप लागेल इतके श्रम करायला हवेत, एवढे मला पटले आहे.

आणि नेमके हेच आपल्या घरांत होत नाही. निदान झाले की आपण माणसाला खुर्चीत बसवतो. “तुम्ही नका उठू, मी देते पाणी” हे प्रेमानेच म्हटले जाते, पण त्या प्रेमापायी दिवसभरातली उरलीसुरली हालचालही हातची जाते. बॉक्सिंगचा वर्ग जवळपास नसेल म्हणून अडून बसू नये. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. तिथेही तालावर, मोठी हालचाल करायची असते.

बॉक्सिंग सुरू करायचे असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलावे. उठताना रक्तदाब एकदम उतरतो का, हाडे ठिसूळ आहेत का, अलीकडे पडणे झाले आहे का, हृदयाचा त्रास आहे का, हे त्यांना स्पष्ट सांगावे. तोल फार जात असेल तर खुर्चीत बसूनही ठोसे मारता येतात. उभे राहायचे असेल तर मागे कंबरपट्टा धरून कोणीतरी हवे. वर्गाची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवून घ्यावी. गोळीचा असर उतरल्यावर जो ठोसा अर्ध्यात अडकतो, तोच गोळी लागू पडल्यावर बॅगेपर्यंत पोचतो, हे आम्ही दर आठवड्याला पाहतो.