खुनी कोण, हे कळल्यावर

दुपारी तीनच्या सुमारास मंगळवार पेठेतल्या आमच्या गिरणीत सहसा गर्दी नसते, म्हणून मी दळण घेऊन मुद्दाम त्याच वेळी जाते. परवा गेले तर शाळूचे पाच-सहा डबे रांगेत होते आणि डब्यांच्या मालकिणी गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून कोणाच्या तरी खुनाबद्दल बोलत होत्या. पुरावा कुठे होता, तो त्या रात्री गावातच नव्हता, बायकोने तोंड का उघडले नाही, असे एकेक वाक्य पिठाच्या धुरळ्यातून कानावर येत होते. गल्लीत काही आक्रीत घडले की काय, या शंकेने माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात जात्यातले धान्य संपले, गिरणीवाल्या मामांनी बटण बंद केले आणि आक्कांचे वाक्य एकदम शांततेत येऊन पडले, "मी तर पहिल्यापास्नं म्हणत हुतो, त्या कंपाउंडरला धरा!" रस्त्यावरून सायकल ढकलत चाललेला एक गृहस्थ थांबून आत डोकावला. मग उलगडा झाला की आदल्या रात्री एका मालिकेचा शेवटचा भाग झाला होता आणि तो कोणालाच पटला नव्हता.

मालिकेचे नाव सांगत नाही, कारण आमच्या घरातच दोघांनी शेवटचे भाग मोबाईलवर पाहायचे म्हणून राखून ठेवले आहेत आणि मला त्यांच्याबरोबर राहायचे आहे. उसाच्या पट्ट्यातले एक गाव, विहिरीत सापडलेला मास्तरांचा मृतदेह, गावातला प्रत्येक जण थोडा थोडा संशयित आणि बदली होऊन आलेला एक तिरसट फौजदार, एवढे सांगितले तरी पुरे. महिनोन्‌महिने कधी कंपाउंडरवर, कधी सरपंचाच्या मेहुण्यावर, तर कधी खुद्द मास्तरीणबाईंवर संशयाची सुई फिरवून झाल्यावर खुनी निघाला पतसंस्थेतला एक कारकून, जो मालिकेत पहिल्यांदा दिसला तोच मुळी शेवटच्या पंधरवड्यात.

"जो पहिल्यापास्नं गावात न्हाई, त्यो खुनी कसा हुतोय?" आक्कांचा हा एकच प्रश्न होता आणि माझ्या मते त्याला उत्तर नव्हते. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा आज्ञा घालून दिल्या होत्या. स्वतःही रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थाची पहिली आज्ञा अशी, की गुन्हेगार हा कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. आक्कांनी नॉक्सचे नाव ऐकलेले असण्याचे काहीच कारण नाही, तरीही नऊवारीचा पदर खोचून त्या त्याचीच पहिली आज्ञा ठणकावून सांगत होत्या. त्याच्या दहाव्या आज्ञेप्रमाणे जुळे भाऊ किंवा तोतये यांना पूर्वसूचनेशिवाय कथेत आणण्यास मनाई आहे. ही एक आज्ञा पाळायची ठरवली, तर आपल्याकडच्या किती मालिका मधूनच बंद पडतील, याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या मनाशी करावा.

आक्कांच्या पलीकडे त्यांची नात उभी होती. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे म्हणणे असे पडले, की प्रत्यक्षात गुन्हे असेच उलगडतात, ज्याच्यावर कोणाची नजर नसते असाच माणूस निघतो, त्यामुळे हा शेवट वास्तववादी आहे. आक्का म्हणाल्या, "वास्तव बघायला टीव्ही कशाला लावू? पेपर येतोय की घरात."

मामांची तक्रार निराळीच होती. कोल्हापूरच्या माणसाशी पडद्यावरच्या गोष्टींबद्दल वाद घालताना एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे त्याला प्रेक्षक समजू नये. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली प्रभातची स्थापना झाली तीही इथेच, जयप्रभा स्टुडिओच्या फाटकाशी तासन्‌तास ताटकळलेली माणसे अजून पेठापेठांतून भेटतात आणि आता तर आसपासच्या गावांतून मालिकांची चित्रीकरणे चालतात. त्यामुळे प्रत्येक गल्लीत कोणीतरी कधीतरी गर्दीत उभे राहिलेले असते, कोणी बैलजोडी भाड्याने दिलेली असते, कोणाच्या मावसभावाला एकदा पोलिसाचा वेष चढवलेला असतो. मामांच्या भाच्याने या मालिकेला दोन म्हशी पुरवल्या होत्या, आणि तेवढ्या अधिकारावर मामांनी सांगितले की मृतदेह सापडतो तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली आहे आणि पंचनाम्याच्या वेळी खालच्या चार पायऱ्या उघड्या आहेत. "एका तासात एवढं पानी कुठं गेलं? त्येचा तपास कोन करनार?" असे विचारून त्यांनी माझा डबा जात्यावर रिकामा केला आणि पुन्हा घरघर सुरू झाली.

मी या वादात पडले नाही, कारण माझी स्वतःची एक खोड आहे आणि ती अशा ठिकाणी सांगण्यासारखी नाही. मी शेवट आधी वाचते. पुस्तक असेल तर शेवटचे पान, मालिका असेल तर शेवटचा भाग. माझ्याबरोबर टीव्ही पाहायला घरात कोणी तयार नसते ते यामुळेच.

या खोडीला कारण आहे. आमच्या लहानपणी पेठेत भाड्याने पुस्तके देणारे एक दुकानवजा वाचनालय होते आणि तिथून वडील बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणायचे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिलेल्या या माणसाने झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांना मराठी घरांत नातेवाइकांसारखे वावरायला लावले होते. ही पुस्तके इतक्या हातांतून फिरलेली असायची, की त्यांचे कोपरे मऊ पडलेले असत, पानांना हळदीची बोटे लागलेली असत आणि एखादा दुष्ट वाचक पहिल्याच पानावर शिसपेन्सिलीने "खुनी वकील आहे" असे लिहून ठेवी. ते चालायचे. खरा घात व्हायचा तो शेवटचे पान गळालेले असले म्हणजे. धनंजयने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावले आहे, दार लावून घेतले आहे, "सभ्य गृहस्थहो" असे म्हणून तो एकाकडे वळला आहे, आणि पुढे नुसता पुठ्ठा.

अशा रात्री जेवताना वडील सर्वांना कथा सांगत आणि खुनी कोण, यावर प्रत्येकाचे मत घेत. दादा नेहमी नोकराचे नाव घ्यायचा आणि वडील पुतण्यावर येऊन थांबायचे, कारण इस्टेटीचा प्रश्न त्यांना जवळचा होता. आई भाकरी थापता थापता सगळे ऐकून घेई आणि शेवटी विचारी, "त्यांच्यात गोड कोण बोलतंय?" पुढे कधी दुसरी प्रत हाती लागली आणि ताळा पाहिला, तर आईचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघे. मला मात्र त्या पुठ्ठ्याची धास्ती बसली. पुस्तक घरी आणण्यापूर्वी शेवटचे पान शाबूत आहे ना, एवढे पाहून घ्यायचे असे मी ठरवले, आणि पान पाहायचे म्हटले की डोळे काही मिटून घेता येत नाहीत.

त्यातून मला जे गवसले ते असे, की खुनी माहीत असताना गोष्ट अधिक नीट दिसते. तो पहिल्यांदा दारात येतो तेव्हा चपला कशा काढतो, दुसऱ्यांच्या आधी हळहळतो का, हे पाहण्यात जो रस आहे तो अंदाज बांधण्यात नाही. कीर्तनाला बसलेल्या कोणत्या म्हातारीला रावण मरणार हे ठाऊक नसते? 'झी मराठी'वर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'देवमाणूस'मध्येही डॉक्टरच खून करतो आहे, हे पाहणाऱ्यांना सुरुवातीपासून माहीत होते आणि गावाला माहीत नव्हते, एवढ्या एका गोष्टीवर ती वर्षभर चालली. प्रश्न फक्त तो केव्हा सापडणार एवढाच होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती संपली, तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकलेल्या माझ्या जाऊबाई त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा भाग सुरू झालेला पाहून महिनाभर चिडलेल्या होत्या. एकदा निकाल लागल्यावर पुन्हा उभे राहणारे प्रकरण त्यांना सहन होत नाही.

आणि इथेच मला आक्कांचे दुखणे कळते, जरी माझी खोड त्यांच्या उलट असली तरी. खुनी कोण, ही माहिती त्यांना शेजारीण पुरवू शकली असती. त्यांना मोकळे व्हायचे होते. रोज रात्री साडेदहाला त्या गावचे ओझे डोक्यावर घ्यायचे, झोपेवर पाणी सोडायचे, आणि शेवटी आपण ज्याला ओळखतच नाही अशा माणसाच्या हातात बेड्या पडलेल्या पाहायच्या, हा सौदा त्यांना अंगावर आला होता. 'सीआयडी' १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चालली, त्यामागे हेच असावे. दरवाजा तुटणार, थोबाडीत बसणार, गुन्हेगार कारण सांगून मोकळा होणार आणि प्रद्युम्नसाहेब त्याला फाशीची आठवण करून देणार. शिवाजी साटमांच्या आवाजातले ते वाक्य ऐकले की पाहणारा दिवा मालवून झोपायला मोकळा. फाशी प्रत्यक्षात किती जणांना झाली, हे विचारायला कोणी मागे थांबत नसे.

अमेरिकेत २००७ च्या जूनमध्ये 'द सोप्रानोज' ही टोळीवाल्यांची मालिका संपली तेव्हा तर कळस झाला. कुटुंब एका खाणावळीत बसले आहे, दार उघडल्याची घंटा वाजते, नायक वर पाहतो आणि पडदा एकदम काळा. आवाजही बंद. आपली केबलच गेली, अशी अनेकांची समजूत झाली. तो मेला की जगला, यावर तिकडे अजून हमरीतुमरी चालते. आमच्याकडे असे कोणी केले असते तर केबलवाल्याच्या दारात रात्री अकरा वाजता माणसे जमली असती, आणि खुलासा झाल्यावर त्यांनी मोर्चा दिग्दर्शकाकडे वळवला असता.

गिरणीतून परतताना डोक्यात हेच चालले होते आणि मग नको ते आठवले.

१९९६ साली अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पकडल्या गेल्या, तेव्हा माझा मुलगा अंगणवाडीत जात होता. चोरी करताना पकडले गेलो तर लोकांना दया यावी म्हणून त्या पळवलेली लेकरे जवळ बाळगत आणि लेकरू अडचणीचे झाले की मारून टाकत, हे एकेक करून वर्तमानपत्रांत येऊ लागले. एसटी स्टँडवर आम्ही बायका मुलांचे मनगट इतके घट्ट धरायचो की त्यांना वळ उठायचे. खुनी कोण, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आई खटल्याआधीच कोठडीत वारली. दोघी मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि तरीही काही झाले नाही. पुढे २०२२ च्या जानेवारीत, दयेचे अर्ज निकाली काढायला अवाजवी उशीर लागला या कारणावरून, मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

तो निकाल बरोबर की चूक, यावर मला आजही धड बोलता येत नाही, आणि कोणाशी वाद घालावा असेही वाटत नाही. बातमी आली त्या सकाळी मी पेपर धाकट्या भाऊजींच्या पुढे केला. तेही त्या काळात पोराला खांद्यावरून खाली न उतरवणाऱ्यांपैकी होते. त्यांनी मथळा वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अजून चालूच हुतं व्हय हे?"