पहिल्या दिवसाचा आकडा

आमच्या उंड्रीच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याला आरओ प्लांट आहे. दर रविवारी मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, घेऊन खाली जातो, नळाखाली स्टीलचा ग्लास धरायचा, आकडा थांबला की वहीत लिहायचा. प्लांटनंतर 90 च्या आसपास, प्लांटच्या आधी 1100. चार वर्षं झाली, तो 1100 काही हलत नाही. साहजिकच आहे, आपण फक्त वर आलेलं पाणी साफ करतो, खालचा खडक आहे तसाच राहतो.

हे नीट डोक्यात बसलं ते युरेनियमच्या बोअरवाल्या खाणींबद्दल वाचताना. तिथे खोदकाम नसतंच, वाळूच्या खडकात बोअर मारून ऑक्सिजन आणि खायच्या सोड्यासारखा क्षार घातलेलं पाणी आत सोडतात, कझाकस्तानात तर सल्फ्युरिक ॲसिड, आणि युरेनियम विरघळलेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून वर ओढतात. जगातलं अर्ध्याहून जास्त युरेनियम हल्ली असंच निघतं.

नंतर ते भूजल पूर्ववत करायचं असतं आणि खरी कसोटी तिथेच. आधी नुसता उपसा, मग तेच पाणी आरओ करून परत खाली, एका वेळी खडकाच्या छिद्रांत मावेल तेवढं, आणि असं कितीतरी वेळा, कधी सोबत ऑक्सिजन संपवायला सोडियम सल्फाइड. आकडे उतरतात, पण पंप बंद झाले की बऱ्याच ठिकाणी हळूहळू परत चढतात! कारण त्या खडकात ऑक्सिजन नव्हता म्हणून तर युरेनियम दगडाला धरून बसलं होतं, ती घडी आपणच मोडली, आणि पाणी कितीही गाळलं तरी ती परत बसत नाही. चेक प्रजासत्ताकात स्ट्राझला जमिनीत 40 लाख टनांहून जास्त ॲसिड सोडलं, 1996 ला खाण बंद झाली, सफाई अजून चालूच आहे.

टेक्सासमधल्या अशा खाणींचे रेकॉर्ड अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने 2009 मध्ये तपासले. जिथले शेवटचे रिपोर्ट सापडले त्यातल्या एकाही ठिकाणी सगळे घटक मूळ पातळीला आले नव्हते. आणि मला मनापासून चीड येते ती याची, की तिथे बऱ्याचदा पाणी कुठवर साफ करायचं याच्या मर्यादाच वाढवून दिल्या. पण निदान मूळ पातळी नोंदवलेली होती म्हणून हे कळलं तरी.

आमच्या बोअरचा पहिल्या दिवसाचा आकडा मी बिल्डरकडे मागितला, बोअरवाल्याकडेही मागितला. कुणी घेतलाच नव्हता.