दुसऱ्या खुंट्याची म्हैस

मंगळवेढ्याजवळच्या गोठ्यावर सकाळी सहाला पोचलो. पाच पंढरपुरी म्हशी, तलवारीसारखी शिंगं थेट खांद्यामागं गेलेली. दुसऱ्या खुंट्यावरच्या म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली होती. मागचा डावा सड गरम, कास टणक, हात लागू देईना. काळ्या फडक्यावर पहिली धार घेतली तर पिवळसर पाणी आणि त्यात कवड्या.

बाकीच्या चौघींचं दूध डोळ्यांना चांगलं दिसत होतं. तरी सगळ्यांचं तपासलं. धुण्याची पावडर 3 ग्रॅम, पाणी 100 मिली. चार वाट्यांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं थोडं दूध, त्यात तेवढंच द्रावण, आणि हलक्या हातानं गोल फिरवायचं. सडात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. साबण त्या फोडतो, आतला डीएनए सुटतो आणि दूध चिकटतं. (नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या म्हशीत ही चाचणी फसवते, इथं तसं कुणी नव्हतं.) पहिलीचं दूध पाण्यासारखं फिरलं. तिसरी, चौथी, पाचवी, तिघींच्या एकेका वाटीत जेलीचा गोळा. ताटली तिरकी केली तर तो अख्खाच सरकला.

“मामा, धारा कशा काढता?”

“दाराकडनं आत. पहिली, दुसरी, तिसरी…”

आणि पाचही कासा एकाच ओल्या फडक्यानं पुसलेल्या! दुसरीपासून पुढं जंतू त्या फडक्यानं आणि मामांच्या हातांनी नेले होते. शिवाय अंगठा मुडपून धार काढायची सवय. त्यानं सडाची आतली त्वचा सोलते आणि जंतूंना जागा मिळते.

औषधाआधी दुसरी ते पाचवी अशा चौघींच्या दुधाचे नमुने घेतले: पहिल्या धारा सोडून, सडाचं टोक स्पिरिटनं पुसून, निर्जंतुक बाटलीत, बर्फावर. मग दुसरीचा सड पूर्ण रिकामा केला, ट्यूबचं फक्त टोक आत घालून औषध सोडलं. लपलेली दगडी असलेल्या तिघींना नमुन्यांच्या अहवालाआधी ट्यूब दिली नाही. अंदाजानं दिलेलं प्रतिजैविक बऱ्याचदा वाया जातं.

“बाकीच्या तीन सडांचं दूध घालू ना गिऱ्हाइकाला?” मामांनी विचारलं. नाही. औषध रक्तातून त्या सडांतही उतरतं. ट्यूबवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत चारी सडांचं दूध खड्ड्यात, गोठ्यात सांडायचंही नाही.

धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच वैरण टाकायची. सडाचं तोंड मिटायला निदान अर्धा तास लागतो, तोवर म्हैस बसता कामा नये. प्रत्येकीला वेगळं, कोरडं फडकं.

निघण्याआधी मामांनी दुसरीचं दावं सोडलं आणि तिला शेवटच्या खुंट्याला नेऊन बांधलं.