पपईवर मावा सापडेना, तरी व्हायरस पसरत होता (माझा अनुभव)

आमचं रान मोहोळ तालुक्यात. ऊस-कांदा सोडून काहीतरी करायचं म्हणून फेब्रुवारीत एक एकर पपई लावली, तैवान ७८६ जातीची, ८ बाय ६ फुटावर ९०० रोपं. मे पर्यंत झाडं अशी आली की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. जूनमध्ये मात्र शेंड्याची पानं बारीक व्हायला लागली, पान कसलं, नुसत्या शिरा राहिल्यासारख्या दोऱ्या. शेजारच्या तात्यांनी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, आणि पपईला ते जरा उडून आलं तरी सोसत नाही हे मला माहीत होतं, त्यामुळं मी सरळ बांधावर जाऊन त्यांच्याशी भांडलो. चुलत चुलते माझे, एक शब्द बोलले नाहीत.

नंतर कुणीतरी म्हणलं मावा असंल, पानाचा रस शोषणारा बारीक किडा. मग इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, दर आठ दिवसाला फवारणी, आणि प्रत्येक वेळी पानं उलटी करून बघतोय तर मावा एकसुद्धा नाही, तरी दर आठवड्याला अजून १०-१५ झाडं तशीच. हे कोडं मला झोपू देत नव्हतं.

शेवटी दोन पानं देठासकट पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी पान बाजूला सारलं आणि आधी देठ बघितला. त्यावर गडद हिरव्या, तेल लागल्यासारख्या रेघा होत्या. त्या म्हणल्या तणनाशकानं पानं अशीच होतात, पण देठावर या रेघा येत नाहीत, हा रिंगस्पॉट व्हायरस आहे, फळं धरली की त्यांच्यावर गोल कड्या दिसतील. मी म्हणलं, मॅडम रानात मावाच नाही. तर म्हणल्या, तो पपईवर राहतच नाही हो, पंखवाला मावा उडत येतो, सोंड टोचून चव बघतो, पसंत पडत नाही म्हणून पुढच्या झाडावर जातो. व्हायरस सोंडेच्या टोकाला चिकटलेला असतो, एका मिनिटाच्या आत टोचून मोकळा. तुमचं औषध त्याला मारतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं.

भाताचं उदाहरण त्यांनी दिलं ते डोक्यात पक्कं बसलं. भातावरचा टुंग्रो रोग हिरव्या तुडतुड्यामुळं पसरतो, तो बराच वेळ रस शोषत बसतो आणि काही दिवस व्हायरस घेऊन फिरतो. तपकिरी तुडतुडे जो खुजा रोग पसरवतात त्यात तर व्हायरस किड्याच्या अंगात वाढतो, तुडतुडा मरेपर्यंत सोबत. म्हणजे तिथं किडा मारला तर उपयोग होतो. आमच्या माव्याच्या सोंडेवरचा व्हायरस दोन-चार ठिकाणी टोचलं की पुसून जातो. मग त्याला मारण्यापेक्षा आधी दुसरीकडं टोचायला लावायचं, एवढं साधं गणित, आणि मी हजारो रुपये फवारणीत घातले होते.

जुलैत सगळी झाडं उपटून गाडली. उपटताना आई बांधावर बसून रडली, ते दिवस आठवायला नको वाटतं.

दुसऱ्या वेळी रोपं घरीच केली, बियातून हा रोग येत नाही, पण उघड्यावरच्या रोपाला मावा कधीही टोचू शकतो, म्हणून ५० मेशच्या जाळीत दीड महिना. पपई लावायच्या महिनाभर आधी रानाच्या चारी बाजूंनी मक्याच्या तीन दाट ओळी पेरल्या. उडत येणारा मावा आधी मक्यावर उतरतो, तिथंच सोंड घासून साफ होते, मक्याला हा व्हायरस लागत नाही आणि वैरण मिळते ती वेगळीच. एक रोगट झाड दिसलं की त्याच दिवशी उपटायचं, उद्यावर टाकायचं नाही. ९०० मधली ३८ गेली आत्तापर्यंत, आणि बाकीच्यांना खालून फळं धरलीत.

एक गोष्ट राहिली होती. काकडी-कलिंगडावर पण हाच व्हायरस राहतो असं मॅडम म्हणल्या होत्या, आणि आमच्या बांधाला लागून कलिंगड होतं ते तात्यांचंच. यंदा लागणीच्या आधी त्यांच्या घरी गेलो, आधी भांडणाची माफी मागितली, मग हे सगळं सांगितलं. त्यांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणले, कलिंगड ओढ्यापलीकडच्या तुकड्यात लावतो, इकडं ज्वारी करतो.